गळतीचा जमाखर्च

पौष सरत आला, म्हणजे देवगड-रत्नागिरीकडील कातळावरची हापूसची कलमे शेंड्यापासून खालच्या फांद्यांपर्यंत मोहोराने भरून जातात, संध्याकाळी गडग्याकडेने जाणाऱ्या वाटसरूला तो उग्र-मधुर वास दुरूनच ओळखू येतो, आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबईच्या दलालांची माणसे व गावोगावचे मक्तेदार बागांतून हिंडून, मान वर करून, तुरे न्याहाळून, या बागेत यंदा किती पेट्या होतील याचा अदमास बांधू लागतात. त्या अदमासावर उचल मिळते, त्याच्यावरच खंडाची रक्कम ठरते, आणि कित्येक घरांत लेकीच्या लग्नाची तिथीही त्याच्याच भरवशावर धरली जाते. मोहोर म्हणजे आंबा नव्हे हे बागाईतदाराला कोणी शिकवावयास नको. तरीही दरसाल मोहोर पाहूनच आंबा मोजला जातो, आणि दरसाल ज्येष्ठात हिशेबाची पट्टी हाती आली, की मधल्या चार महिन्यांत एवढा माल गेला कोठे, हा प्रश्न नव्याने पडतो.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. बागेतला वसंत मात्र पौष-माघातच सुरू होतो आणि चैत्र उजाडेतो त्याचे बहुतेक बरेवाईट होऊन गेलेले असते. या काळातील बागेची व्यवस्था म्हणजे कोणती फवारणी केव्हा करावी याची यादी, असा समज रूढ आहे. तशी यादी दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून सिद्ध मिळते आणि ती वेळोवेळी बदलत असल्याने येथे उतरवून घेण्यात अर्थ नाही. यादीच्या आधी बागाईतदाराला जी एक गोष्ट समजावी लागते, ती अशी, की झाडावरून जे गळते त्यातले झाडाने स्वतःच्या हिशेबाने टाकलेले किती आणि आपल्या दिरंगाईने गेलेले किती. पहिल्या खात्यावर पैसा खर्च करणे व्यर्थ. दुसऱ्या खात्याकडे काणाडोळा करणे घातक.

प्रथम झाडाचा हिशेब पाहू. आंब्याच्या एका तुऱ्यावर काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतली बहुसंख्य नुसती नर असतात, आणि ज्यांच्यापासून फळ धरण्याचा संभव आहे अशा द्विलिंगी फुलांचे प्रमाण हापूसमध्ये शेकडा दहा-पंधराच्या आसपासच राहते. मोहोर फुटताना थंडी कडक पडली, तर नर फुलांचा भरणा आणखी वाढतो. द्विलिंगी फुलांतही ज्यांना परागकण लाभतात ती थोडी. ज्यांना लाभतात त्यांतही हापूसचे स्वतःचे पराग हापूसला फारसे मानवत नाहीत. आणि इतके सारे जुळून कणी धरली, तरी तुऱ्यावर धरलेल्या दहा-वीस कण्यांना पोसण्याचे सामर्थ्य त्या डहाळीच्या पानांत नसते. परिणामी हजार फुलांमागे एखादे फळ पेटीत पडले तरी झाड आपले काम चोख करीत आहे असेच म्हटले पाहिजे. मोहोराचा सडा पाहून हळहळणाऱ्या नव्या मालकाने एवढे ध्यानात घ्यावे, की ज्या कलमाने एकही फूल गाळले नाही असे कलम आजवर कोणी पाहिलेले नाही.

आता बागेत उतरू. माघातल्या एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मध्यम वयाच्या एका कलमाखाली जुने धोतर किंवा गोणपाट अंथरावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते उचलून ओटीवर आणावे, आणि त्यावर पडलेल्या कण्या थाळीत निवडायला बसावे. मोहरीएवढ्या, पिवळ्या पडलेल्या, देठाशी स्वच्छ तुटलेल्या कण्यांचा ढीग सर्वांत मोठा निघेल; या बहुधा फलनावाचून धरलेल्या किंवा आतला गर्भ मेलेल्या, म्हणजे झाडाने आपण होऊन टाकलेल्या. दुसरा ढीग काळसर, सुकून आक्रसलेल्या, पांढुरक्या भुकटीने माखलेल्या तुऱ्याच्या तुकड्यांसह पडलेल्यांचा. ही भुरीची कामगिरी. तिसऱ्या ढिगातल्या कण्या हाताला चिकटतील, आणि मान वर करून पाहिले तर वरची पाने उन्हात तेल लावल्यासारखी चमकताना दिसतील, हे तुडतुड्यांचे. वाटाण्याहून मोठ्या झालेल्या, हिरव्यागार, दिसायला निरोगी अशा कण्या चौथ्या ढिगात पडतात, आणि बागाईतदाराने खरी काळजी करावी ती या ढिगाची. कारण ज्यांना झाडाने पोसायचे ठरविले होते त्या या कण्या, आणि त्या टाकण्याची पाळी त्याच्यावर कशाने आली, हे शोधणे हाच या ऋतूतला मुख्य तपास होय.

तुडतुड्याची ओळख कोकणात पोरासोरांनाही असते. पाचरीसारखा हा करडा कीटक एरवी सालीच्या भेगांत दडून दिवस काढतो, आणि कोवळी पालवी व मोहोर निघाला की बाहेर पडतो. मादी मोहोराच्या कोवळ्या दांड्यात अंडी घालते, पिल्ले रस शोषतात, आणि जो जास्तीचा गोड रस ती टाकतात त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी होतात. प्रादुर्भाव भरात असलेल्या बागेत भल्या सकाळी कलमाजवळून चालले, तर हजारो तुडतुडे एकदम उडताना बारीक सरी पडल्यासारखा आवाज होतो. तो एकदा कानांत बसला की पुढे मोजमापाची तसदी घ्यावी लागत नाही. याचा बंदोबस्त मोहोर फुलल्यावर नव्हे, त्याच्या आधी, पालवी असताना आणि डोळे फुगू लागताना करावयाचा असतो. भुरीचेही तसेच: रात्री थंड, सकाळी दव, मधूनच ढगाळ हवा, अशी दोन-चार दिवसांची साखळी जमली की ती तुऱ्याच्या शेंड्यापासून उतरू लागते, आणि तिच्यावर पाण्यात विरघळणारे गंधक, दहा लिटरला वीस ग्रॅम, हा जुना इलाज वेळीच केला तर आजही चालतो, मात्र भर दुपारच्या कडक उन्हात ते फवारले तर मोहोर करपतो. एकच औषध वर्षानुवर्षे मारीत राहण्याची खोड अनेकांना असते. त्याने तुडतुड्याला त्या औषधाची सवय होते आणि दुकानदाराला आपली.

येथे माझी स्वतःची एक कसूर सांगणे प्राप्त आहे. बाग हाती आली त्या पहिल्याच साली शेजारच्या बागेत तुडतुडे आल्याची कुणकुण लागली, आणि मोहोर पूर्ण उमललेला असताना, सकाळी नवाच्या सुमाराला, मी सबंध बागेवर कीटकनाशकाचा फवारा मारविला. तुडतुडे मेले, त्यांच्याबरोबर मोहोरावर घोंघावणाऱ्या माशा आणि सातेरी मधमाश्याही मेल्या. पंधरा दिवसांनी तुरे स्वच्छ होते, देखणे होते, आणि त्यांवर कणी नव्हती. आंब्याचे परागीभवन प्रामुख्याने माशांच्या आणि मधमाश्यांच्या पायांवर चालते, ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती. पंपाचा दट्ट्या हातात असताना ती आठवली नाही. फुलोरा भरात असताना फवारणी टाळावी, टळतच नसेल तर माश्यांचा वावर थांबल्यावर संध्याकाळी करावी, आणि दहा-वीस हापूस कलमांमागे केसर, रत्ना किंवा माणकूर यांचे एखादे कलम परागांसाठी ठेवावे, एवढे त्या वर्षाने शिकविले. जुन्या बागांच्या कडेने उभे असलेले रायवळ लोकांनी जागा अडते म्हणून तोडले, तेव्हा हापूसचा हा फुकटचा परागदाता आपण हाकलून देत आहोत, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

आता चौथ्या ढिगाकडे वळताना प्रथम पुनर्मोहोराचे प्रकरण सविस्तर सांगावयास हवे. कारण अलीकडच्या वर्षांत हापूसचे नुकसान जितके यामुळे होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल, आणि त्यातली गुंतागुंतही विलक्षण मनोरंजक आहे. मार्गशीर्षात आलेल्या पहिल्या मोहोरावर कणी धरते, ती वाटाण्याएवढी होते, घरधनी निश्चिंत होतो; इतक्यात पौष-माघात थंडीची दुसरी लाट येते, आणि त्याच डहाळीवर, फळ धरलेल्या तुऱ्याच्या पाठीमागून, ताजा मोहोर फुटतो. परक्या माणसाला तो शुभशकुन वाटतो. वस्तुतः नवा तुरा जुन्या कण्यांच्या तोंडचा घास काढून घेतो, पहिल्या फळांची सरसकट गळ होते, आणि नव्या मोहोरात नर फुलांचाच सुकाळ असल्याने त्याच्यावरही फारसे काही धरत नाही. दोन्ही बाजूंनी बूड.

याचे मूळ जिबरेलिन नावाच्या संजीवकात आहे. झाडात त्याचे प्रमाण जास्त असेल तर फांदी पालवीकडे झुकते, कमी झाले की मोहोराकडे. हापूस स्वभावतः वर्षाआड फळणारा. त्याला दरसाल मोहोरावर आणण्यासाठी आपले बागाईतदार पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, कलमाच्या विस्ताराच्या दर मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक या मापाने पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारच्या भाषेत कल्टार, बुंध्याभोवती खड्डे घेऊन जमिनीत देतात. ते द्रव्य झाडाला जिबरेलिन तयार करू देत नाही, आणि थंडी पडताच झाड मोहोरते. हाच दबाव पौषातही टिकून राहिला आणि वर थंडीची लाट आली, की फळ धरलेली डहाळीसुद्धा पुन्हा मोहोरण्याच्या नादी लागते. म्हणून विद्यापीठाने इलाज सांगितला तो नेमका उलट दिशेचा: मोहोर निघताना व पुन्हा तो पूर्ण उमलल्यावर जिबरेलिक आम्लाचा, दशलक्ष भागांत पन्नास भाग इतका पातळ फवारा. श्रावणात जे रोखले तेच पौषात थोडेसे परत करावयाचे! झाडाच्या कारभारात एकदा हात घातला, की तो मध्येच काढून घेता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. कल्टारचे माप झाड पाहून न घेता शेजारी पाहून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बागांत हा उपद्रव मी अधिक पाहिला आहे, आणि खंडाने घेतलेल्या बागांत तर विशेष, कारण मक्तेदाराला यंदाचा आंबा हवा असतो, झाड मालकाचे असते.

पाण्याविषयी थोडक्यात. मोहोर येण्याच्या बेतात पाणी दिले तर झाड पालवीकडे वळण्याची भीती. कणी वाटाण्याएवढी झाल्यावर मात्र दर पंधरवड्याला कलमामागे दीडशे ते दोनशे लिटर, अशी तीन-चार पाणी दिली तर गळ कमी होते व फळ पोसते. काढणीच्या महिनाभर आधी ते तोडावे. याच काळात, फळ वाटाणा, गोटी आणि अंडे या तीन अवस्थांत असताना, एक टक्का पोटॅशियम नायट्रेटचे फवारे देण्याची शिफारस आहे; खर्च बेताचा आणि गुण सहज दिसणारा. कातळावर सुरुंग लावून फोडलेल्या खड्ड्यांतल्या कलमांना हे पाणी टँकरने न्यावे लागते, आणि त्या टँकरचा हिशेब मांडला की बागाईतदार पाण्यात हात आखडतो. त्याला मी दोष देत नाही. कमी कलमांना पुरेसे पाणी द्यावे की सर्वांना थोडे थोडे, असे कोणी विचारले तर मात्र मी पहिल्या पक्षाचा.

फळ गोटीहून मोठे, अंड्याच्या बेताचे झाले, की त्याला वर्तमानपत्री कागदाची पंचवीस बाय वीस सेंटिमीटरची पिशवी बांधण्याची पद्धत आता रूढ होत आहे. हजारो फळांना हाताने पिशव्या बांधण्याची कल्पना ऐकून जुने लोक हसत. परंतु फुलकिड्यांनी खरवडल्यासारखी झालेली साल, फळमाशीचा डंख आणि उन्हाचा चट्टा, या तिन्हींपासून त्या कागदाने संरक्षण होते, आणि फळाला रंगही एकसारखा येतो. फळमाशीवर दुसरा उपाय रक्षक सापळ्याचा: मिथिल युजेनॉलच्या वासाने नर माश्या आत शिरतात, आणि नर घटले की डंख मारणाऱ्या माद्यांची पैदास घटते. ही माशी किती महाग पडते हे २०१४ साली सर्वांना कळले, जेव्हा युरोपीय संघाने तिच्यापायी भारतीय आंब्याला काही महिने दारे बंद केली.

आता साका. वरून निर्दोष, सुवासिक, पिवळाधमक दिसणारा हापूस चिरावा आणि कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघावा, याइतकी मानहानी बागाईतदाराच्या नशिबी दुसरी नाही. कारण बाहेरून तो ओळखता येत नाही आणि गिऱ्हाईक शिव्या देते ते बागेच्या नावाने. विलायतेस पाठविलेल्या आंब्यांच्या निमित्ताने चीमा व दाणी यांनी १९३४ च्या आपल्या अहवालात या दोषाची नोंद केली, तेव्हापासून त्याच्या कारणांचा शोध चालू आहे. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता हे एक कारण मानले जाते, आणि कलमांखाली गवता-पाल्याचे आच्छादन घातल्यास साका कमी होतो असा अनुभव आहे. तापलेल्या उघड्या कातळावरून फाल्गुनातल्या दुपारी अनवाणी चाललेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. पुढे बंगळूरच्या बागबानी संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: फळ झाडावरच असताना आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागते, आणि त्या घाईत भोवतालच्या गराची घडण बिघडते. म्हणजे फळ अधिक काळ झाडावर राखावे तर साका, अगोदर उतरवावे तर चव नाही.

या पेचातून कोकणाने आपल्या पद्धतीने वाट काढली आहे. आंबा सोळा आणे होऊ न देता चौदा आण्यांवर उतरावा, असे तेथे म्हणतात. खांदे देठाच्या वर आले, देठाशी खळगा पडला, गर्द हिरवा रंग निवळला, आणि फळ पाण्यात टाकल्यावर बुडाले, म्हणजे चौदा आणे भरले. सकाळी दहापूर्वी किंवा दुपारी चारनंतर, पाते लावलेल्या नूतन झेल्याने, देठ राखून उतरवावे. देठ मोडला तर चीक ओघळून सालीवर डाग पडतो. उतरलेले फळ उन्हात क्षणभरही ठेवू नये. फळकुजीची भीती असेल तर ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून सावलीत सुकवावे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना ही जात १९८१ पासून उपलब्ध आहे; तिच्यात साका नाही, ती नेमाने फळते, आणि तरीही बाजार हापूसच मागतो, म्हणून हा सारा खटाटोप हापूससाठीच करीत राहावे लागते.

काही गळ अशी असते, की ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा उतरणीला आलेला आंबा एका रात्रीत जमिनीवर आला. ज्यांनी गंधक वेळेवर मारले होते त्यांचाही आणि ज्यांनी मारले नव्हते त्यांचाही. त्याला विमा आणि सरकारी पंचनामा एवढेच उपाय. परंतु अशी वर्षे सोडून इतर वर्षांचा हिशेब मांडला, तर अदमास आणि पट्टी यांतील तफावतीचा मोठा वाटा माघ व फाल्गुन या दोन महिन्यांत गोणपाटावर पडलेला सापडतो, आणि तो कोणत्या कारणाने पडला हे तेथल्या तेथे पाहिले नाही, तर पुढे ठरविण्याचे साधनच उरत नाही.

म्हणून वाचकांतील बागाईतदारांना एवढीच विनंती, की यंदा बागेच्या चार कोपऱ्यांतली चार कलमे निवडावीत, त्यांच्याखाली आठवड्यातून दोन दिवस गोणपाट अंथरावे, वर सांगितलेले चार ढीग करून एका वहीत तारीखवार आकडे लिहावेत, आणि शेजारी त्या दिवसाची हवा व केलेली फवारणी नोंदवावी. हे काम माघाच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले पाहिजे. चैत्रात पाहू म्हटले, तर तोवर कण्या मुंग्यांनी वाहून नेलेल्या असतात.